बावीस नंबरची सुई, दोन वेळा

"बावीस म्हणजे जाड की बारीक?" दवाखान्याच्या खर्चाच्या अंदाजाच्या कागदावर बोट ठेवून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं. एंडोस्कोपीचे इतके, भुलीचे इतके, पॅथॉलॉजीचे इतके, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत सुई, २२ गेज. एका सुईची किंमत आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त होती. मला उत्तर माहीत नव्हतं. काउंटरवरच्या मुलानं "डॉक्टर सांगतील" म्हणून सहीचा कागद पुढं केला. तो कन्नड आणि इंग्रजीत होता. मी इंग्रजी वाचलं, आप्पांनी बाजारात शिकलेल्या कन्नडवर अर्धं लावून घेतलं, आणि सही झाली.

आप्पा विणकर. बेळगावात वडगावला आमचं घर, घराच्या मागच्या बाजूला चार यंत्रमाग. त्यांच्या तरुणपणी हातमाग होता. मी लग्न होऊन खानापूरला गेले, पण आईच्या पश्चात आप्पांच्या दवाखान्याच्या फायली माझ्याकडंच असतात. यंदा मंगाईच्या यात्रेच्या आधी ते जेवण टाकू लागले. पोटाच्या वरच्या भागात दुखायचं, ते पाठीत जायचं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. तीन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. दादा म्हणायचा, मागाच्या आवाजात आणि कापसाच्या धुळीत आयुष्य गेलं, थकले असतील. सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ आणि तिच्या आसपास वाढलेल्या लसीकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड. सर्जननी फिल्म उजेडाला धरली आणि जो शब्द आम्ही घरात उच्चारत नव्हतो तो उच्चारला.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडनं, असं ठरलं. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं. तोंडातून नळी जठरात आणि तिथून लहान आतड्याच्या पहिल्या भागात जाते. स्वादुपिंड जठराच्या मागं लपलेलं असतं, त्यामुळं पोटावरून ते नीट दिसत नाही. आतून मात्र ते अगदी भिंतीपलीकडं असतं. पडद्यावर गाठ दिसते, मधल्या रक्तवाहिन्या डॉपलरनं रंगीत दिसतात, आणि त्या चुकवून सुई भिंतीतून गाठीत घालतात. सुई आत जाताना पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी दिसत राहते. १९९२ साली डेन्मार्कमध्ये पीटर विल्मान यांनी स्वादुपिंडातून असा नमुना पहिल्यांदा घेतल्याचं प्रसिद्ध झालं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त एवढं कळत होतं की आप्पा रात्रीपासून उपाशी आहेत आणि बाहेर पाऊस आहे.

पहिली तपासणी पाऊण तासात झाली. एका नर्सनं मला दोन डब्या आणि काचपट्ट्यांचं पाकीट दिलं, "खाली लॅबमध्ये द्या." डब्यांत फॉर्मालिन होतं. मी जपून, जिन्यानं, पदराखाली धरून नेल्या. ते मला अजून आठवतं, कारण पुढं त्याच दोन डब्यांवर सगळं अडलं.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. रक्त, आतड्याच्या अस्तराच्या काही साध्या पेशी, निष्कर्ष काढता येत नाही, तपासणी पुन्हा करावी. आप्पांना एवढंच सांगितलं की पुन्हा जायचं आहे. त्यांनी विचारलं, "सुई चुकली काय?"

सर्जनचं म्हणणं असं होतं की गाठ काढण्यासारखी आहे, तुकड्याची वाट न बघता शस्त्रक्रिया करू. त्यांच्यावर मी राग धरत नाही. स्वादुपिंडाच्या डोक्यात काढण्यासारखी गाठ असेल आणि कर्करोगाचा संशय दाट असेल तर बायोप्सीशिवायही शस्त्रक्रिया करतात, ती मान्य पद्धत आहे. पण ती व्हिपलची शस्त्रक्रिया. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा तुकडा, पित्ताशय, पित्तनळीचा भाग, सगळं जातं आणि उरलेलं पुन्हा जोडतात. आप्पा बासष्ट वर्षांचे, चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घातलेला. दादा आणि मी त्या रात्री मागाच्या खोलीत बसलो, माग बंद होते, आणि दोघांपैकी कुणालाच 'हो' म्हणता येईना. सकाळी फाईल, सीटीची सीडी आणि पॅथॉलॉजीतून मागून आणलेल्या काचपट्ट्या घेऊन आम्ही शहरातल्याच दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमकडं गेलो.

तोवर मी रात्री जागून बरंच वाचलं होतं. सुईचे तीन मुख्य नंबर असतात, १९, २२ आणि २५, आणि १९ची सगळ्यांत जाड. माझं गणित सोपं होतं. बावीसनं रक्त आलं, मग एकोणीसनं जास्त मांस येईल. खुर्चीत बसल्या बसल्या मी म्हणाले, "मॅडम, या वेळी एकोणीस नंबरची वापरा."

त्यांनी रागावल्यासारखं केलं नाही. टेबलावरचा कागद ओढला आणि पेननं तीन ठिपके काढले. एकोणीस नंबरची सुई बाहेरून साधारण १.१ मिलिमीटर, बावीसची ०.७, पंचवीसची ०.५. मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "काका, आकडा वाढला की सुई बारीक होते."

आप्पा पहिल्यांदाच पुढं सरकून बसले. "म्हणजे सुताच्या काउंटासारखं की."

मॅडमना काउंट माहीत नव्हता. मग आप्पांनी सांगितलं. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो काउंट. चाळीसचं सूत जाड, ऐंशीचं बारीक, शंभरचं त्याहून बारीक. रेशमाचं उलट, तिथं डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम ते मोजतात, म्हणून आकडा वाढला की धागा जाड. "आणि ऐंशीचं सूत चाळीसच्या फणीत घातलं तर कापड विरळ होतंय, चाळीसचं ऐंशीच्या फणीत घातलं तर तुटतंय. सूत चांगलं की वाईट असं नसतंय. कशात घालायचं ते बघायला लागतंय."

त्या खोलीत दोन महिन्यांनी पहिल्यांदा आप्पा स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल बोलत होते. मला रडू आलं, ते मी फाईल चाळत लपवलं.

मॅडम म्हणाल्या, अगदी हेच. स्वादुपिंडाच्या शरीरातली किंवा शेपटीतली गाठ जठरातून गाठता येते. तिथं दुर्बीण बऱ्यापैकी सरळ असते, जाड सुईही सहज पुढं जाते. आप्पांची गाठ डोक्याजवळ. तिच्यापर्यंत पोचायचं तर दुर्बीण लहान आतड्यात शिरून वळते. त्या वळणात एकोणीस नंबरची सुई ताठ होते, दुर्बिणीचं टोकही मनासारखं वळू देत नाही, सुई बाहेर ढकलायला जोर लागतो, आणि जोर लावून नेमकी जागा साधत नाही. जास्त मांस आणणारी सुई गाठीपर्यंत पोचलीच नाही तर तिच्या जाडीचा काय उपयोग? पंचवीसची लवचीक. वळणात सर्वांत चांगली वागते, कडक गाठीत सहज शिरते, रक्तही कमी आणते, पेशी स्वच्छ मिळतात. पण येतात त्या बहुतेक सुट्या पेशी. बावीस मधली.

मी विचारलं, मग बावीस आणि पंचवीसमध्ये चांगली कुठली? त्यांनी सांगितलं की यावर वर्षानुवर्षं तुलना झाल्या आहेत. काहींत पंचवीस थोडी सरस निघाली, काहींत फरकच दिसला नाही. २०१७ सालच्या युरोपियन एंडोस्कोपी संघटनेच्या मार्गदर्शनात घन गाठी आणि लसीकाग्रंथींच्या रोजच्या तपासणीसाठी दोन्ही नंबर सारखेच धरले आहेत. पेशी न घेता सलग तुकडाच हवा असेल तर मात्र एकोणीसची साधी सुई किंवा एकोणीस-बावीसची बायोप्सी सुई सुचवली आहे.

'बायोप्सी सुई' हा शब्द तिथं मी पहिल्यांदा नीट ऐकला. तोवर मला वाटत होतं सुई ती सुई, फरक नंबराचा. साध्या सुईचं टोक तिरकस कापलेलं असतं. ती पेशी ओरबाडून आत ओढते. दुसऱ्या प्रकारच्या सुईचं टोकच वेगळं. एका प्रकारात मुकुटासारखी तीन टोकं असतात, एकात काट्यासारखी दोन. ती गाठीत फिरवली की मांसाचा बारीक दोरा कापून नळीत घेतात. त्यात पेशींची मांडणी जशीच्या तशी राहते. मॅडमनी विणकामाचाच धागा उचलला. म्हणाल्या, "काका, साध्या सुईनं सुताचे तंतू मिळतात. या सुईनं कापडाचा तुकडा मिळतो. तंतू बघून सूत कसलं ते कळतं, पण वीण कुठली होती ते कापडातच कळतं."

आप्पांनी मान हलवली. मला वाटतं त्या दिवशी त्यांना माझ्याहून जास्त कळलं.

मग मॅडमनी सीटीची फिल्म पुन्हा लावली आणि जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. लसीकाग्रंथींच्या मध्यभागी काळपट, मेलेला भाग दिसत होता आणि कडेला उजळ कडा. कावीळ नाही. पित्तनळी फुगलेली नाही. संध्याकाळचा ताप आहे. "कर्करोग नाही असं मी म्हणत नाही. पण क्षय असू शकतो. फुप्फुसाबाहेरचा, ग्रंथींचा. आपल्याकडं तो स्वादुपिंडाजवळ गाठ करून अगदी असाच फसवतो."

त्यांनी पहिल्या वेळचा नमुना कशात पाठवला होता ते विचारलं. मी म्हणाले, फॉर्मालिनमध्ये, दोन्ही डब्या. त्या जरा थांबल्या. मग समजावलं, फॉर्मालिन मांस टिकवतं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला तेच हवं. पण त्यात जंतू मरतात. क्षयाचं कल्चर लावायचं, म्हणजे जंतू वाढवून बघायचे, तर नमुना मिठाच्या निर्जंतुक पाण्यात, सलाइनमध्ये हवा. जंतूंच्या जनुकांची तपासणी, जिला सरकारी दवाखान्यात सीबीनॅट म्हणतात, तीही ताज्या नमुन्यावर होते. म्हणजे पहिल्या वेळी गाठीतून जे काही आलं असेल, त्यात जंतू होते की नव्हते ते विचारायची वाटच त्या दोन डब्यांनी बंद केली होती. त्या डब्या मी जिन्यानं उतरून दिल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, तुमचा त्यात काही दोष नाही, कशासाठी तपासायचं ते आधी ठरलं नव्हतं. त्या म्हणाल्या म्हणून मन मोकळं झालं असं नाही.

दुसऱ्या तपासणीसाठी दहा दिवस थांबावं लागलं, कारण स्टेंटनंतर आप्पा क्लोपिडोग्रेल घेतात. ते सात दिवस आधी बंद करायचं होतं, तेही हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच. अॅस्पिरिन चालू ठेवलं. कुणाच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःच्या मनानं थांबवू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती बायोप्सीच्या रक्तस्रावाहून फार मोठी गोष्ट आहे. रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट बघितल्या. त्या दहा दिवसांत आप्पा आंबील आणि मऊ भातावर होते, आणि दादा रोज एक माग चालवायचा, फक्त आवाज यावा म्हणून. बंद माग आप्पांना सहन होत नाहीत.

आदल्या संध्याकाळी मॅडमनी योजना सांगितली. सुई बावीस नंबरची, पण मुकुटासारख्या टोकाची. पंचवीसची बाजूला ठेवायची, वळणात बावीस अडली तरच उघडायची, म्हणजे दुसऱ्या सुईचा खर्च विनाकारण पडणार नाही. आधी ग्रंथी, कारण ती जठरातून दिसते आणि क्षय असेल तर तिथंच सापडायची शक्यता जास्त. मग गाठ. खोलीत सूक्ष्मदर्शक घेऊन पॅथॉलॉजिस्ट बसणार, पहिल्या फेरीची काचपट्टी तिथल्या तिथं रंगवून बघणार आणि पुरेसं आलं की नाही ते सांगणार. अशी सोय नसेल तर साध्या सुईनं तीन-चार फेऱ्या आणि बायोप्सी सुईनं दोन-तीन फेऱ्या घेतात. ही सोय सगळीकडं नसते. असेल तिथं मागून घ्यावी, असं माझं मत आहे.

सकाळी सातला खानापूरहून निघाले तेव्हा देसूरजवळ इतका पाऊस होता की बसचे दिवे लावावे लागले. आप्पा दादाबरोबर आधीच पोचले होते. या वेळी नर्स बैलहोंगलच्या होत्या. कन्नड आणि मराठी मिसळून त्यांनी प्रत्येक कागद वाचून दाखवला. काय होऊ शकतं तेही सांगितलं. स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, ताप, क्वचित आतड्याला छिद्र. हे क्वचित होतं, पण घरी गेल्यावर पोटात जोराचं दुखलं, उलटी, ताप किंवा काळी शौच झाली तर लगेच या. आप्पांनी ऐकून घेतलं आणि अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश, मराठीत.

डाव्या कुशीवर झोपवून भूल दिली. आम्ही बाहेर. चाळीस मिनिटं. आत काय झालं ते मॅडमनी नंतर सांगितलं. ग्रंथीत सुई घातल्यावर एकाच रेषेत पुढंमागं न करता दिशा थोडी थोडी बदलून पंख्यासारखी फिरवली, म्हणजे कडेचा जिवंत भागही आला आणि मधला मेलेला भागही. पहिल्या वेळी सिरिंजनं जोरात ओढलं असेल तर रक्तच आलं असेल. या वेळी सिरिंज न लावता आतली बारीक तार हळूहळू मागं घेतली, तेवढ्या ओढीनंच मांस वर आलं. पहिल्या काचपट्टीवर पॅथॉलॉजिस्टनी 'पुरेसं आहे' म्हणून सांगितलं आणि एक शब्द कागदावर लिहिला, तो मला दुसऱ्या दिवशी कळला. मग लहान आतड्यात जाऊन गाठीत दोन फेऱ्या. वळणात सुई थोडी अडली, पण गेली. पंचवीसची उघडावी लागली नाही.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन बाटल्या होत्या. एकीवर फॉर्मालिन लिहिलेलं, दुसरीवर सलाइन. सलाइनमध्ये पांढरट दोऱ्याचे तुकडे तरंगत होते, शेवयांच्या चुऱ्यासारखे. त्यांनी दाखवलं, असा पांढरा तुकडा चार मिलिमीटरहून लांब दिसला की नमुना पुरेसा असण्याची शक्यता चांगली. "ही बाटली सूक्ष्मजीव लॅबला, ही पॅथॉलॉजीला. अदलाबदल करू नका."

मी दोन्ही बाटल्या दोन हातांत वेगळ्या धरल्या. लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागू नये म्हणून या वेळीही जिन्यानं गेले. लॅबच्या खिडकीवर मी लेबल मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिथल्या बाईंकडून वाचून घेतलं. त्यांना विचित्र वाटलं असेल. मला पर्वा नव्हती.

दुपारी आप्पांना चहा आणि इडली दिली. घसा खवखवत होता, बाकी काही नाही. संध्याकाळी घरी.

दुसऱ्या दिवशी सीबीनॅटचा रिपोर्ट फोनवर आला. क्षयाचे जंतू सापडले, रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला प्रतिकार नाही. चार दिवसांनी पॅथॉलॉजीचा आला. ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके, आणि मध्ये चीजसारखं मेलेलं मांस, क्षयाशी जुळणारं. कर्करोगाच्या पेशी ग्रंथीतही नाहीत, गाठीतही नाहीत. पॅथॉलॉजिस्टनी त्या दिवशी कागदावर लिहिलेला शब्द ग्रॅन्युलोमा होता. दादा रिपोर्ट हातात घेऊन मागाच्या खोलीत गेला आणि चारी माग सुरू केले.

दोन्ही वेळचे कागद मी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्यावरही सुई २२ गेज, दुसऱ्यावरही २२ गेज. ज्या आकड्यासाठी मी रात्री जागून काढल्या होत्या, तो बदललाच नव्हता. बदललं होतं टोक, हात, खोलीत बसलेला सूक्ष्मदर्शक, आणि एका बाटलीतलं पाणी. आता ओळखीतून कुणी फोन करून विचारतं, ताई, कितव्या नंबरची सुई सांगायची? तेव्हा मी आधी विचारते, डॉक्टरांना नेमकं काय शोधायचं आहे, गाठ जठरातून गाठणार की आतड्यातून, आणि क्षयाचा संशय असेल तर सलाइनची बाटली वेगळी ठेवणार आहेत का. सुईचा नंबर डॉक्टरांना ठरवू द्या. बाटलीचं मात्र तुम्ही विचारा.

गोळ्या सरकारी केंद्रातून सुरू झाल्या, नाव निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंदलं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी झाली तेव्हा आप्पा घाबरले, ते औषधामुळं होतं. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा ताप थांबला. भूक महिनाभरानं आली. दोन महिन्यांच्या सीटीत गाठ निम्म्याहून कमी झाली होती.

कल्चरचा रिपोर्ट यायला सहा आठवडे लागले. तो घ्यायला मी एकटीच गेले, आणि वडगावला येऊन आप्पांसमोर वाचला. जंतूंची वाढ झाली, मुख्य औषधांना ते दाद देतात, चालू गोळ्या तशाच चालू ठेवाव्यात. आप्पा कांडी भरत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "हा कुठल्या बाटलीचा?"

"मिठाच्या पाण्याच्या, आप्पा."

"दोन्ही एकत्र फायलीला लाव," ते म्हणाले, आणि धोट्यात कांडी बसवली.